चालता-बोलता पत्ता

फोन कानाला लावला की माणूस चालू लागतो. खुर्चीत आरामात बसलेला असतो, घंटी वाजते, तो "हॅलो" म्हणतो आणि उठतो. का उठलास म्हणून विचारलं तर सांगता येणार नाही. बोलणं गंभीर असेल तर जागच्या जागी येरझाऱ्या, पैशाचं असेल तर खिडकीपर्यंत, आणि विषय तिसऱ्याच कुणाचा असेल तर थेट जिन्यात. जिन्यात गेल्यावर लोक आवाज खाली करतात आणि जिना तो आवाज सगळ्या मजल्यांना नीट पोचवतो, हा भाग वेगळा.

या सवयीचा अभ्यास मानसशास्त्रज्ञांनी करावा असं कुणाला वाटेल. मला वाटतं तो नेटवर्कवाल्यांनी करावा. कामाच्या ठिकाणी बिनतारी फोन बसवायचे ठरले की त्यांच्या सगळ्या आखणीची वाट हीच सवय लावते.

मी एका मध्यम आकाराच्या रुग्णालयात आयटीवाला आहे. या पदाची व्याख्या सोपी आहे: जी वस्तू विजेवर चालते आणि रुग्णाला जोडलेली नाही, ती माझी. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद माझा, टोकनचा टीव्ही माझा, मेट्रन मॅडमच्या मोबाइलमधून नाहीसे झालेले नातवाचे फोटोही माझे. त्यामुळे सिस्टर, आरएमओ, वॉर्डबॉय आणि सिक्युरिटी यांना वाय-फायवर चालणारे फोन द्यायचे असं व्यवस्थापनाने ठरवलं, तेव्हा ते कुणाच्या गळ्यात पडणार याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

याआधी इमारतीत ईपीएबीएक्स होतं आणि ते चालवणाऱ्या ऑपरेटर बाई होत्या. एक्स्टेन्शन भिंतीला नाहीतर टेबलाला बांधलेलं. २१४ म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचं नर्सिंग स्टेशन. फोन जागेचा, उचलेल तो माणूस त्या दिवशीच्या ड्यूटीचा. हवा असलेला माणूस जागेवर नसला की मग बाईंचं खरं काम सुरू व्हायचं. "सर्जन साहेब? साडेअकरा म्हणजे कॅन्टीन. थांबा, तिकडे लावते." "फार्मसीतले दादा? मुलीचा बारावीचा पेपर आहे, आज दुपारनंतर बघा." कोण कुठे असेल, कोण कुणाशी सध्या बोलत नाही, कुणाच्या घरून आलेला फोन ताबडतोब जोडायचा आणि कुणाच्या घरून आलेल्या फोनला "साहेब राउंडवर आहेत" म्हणायचं, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. त्या निवृत्त झाल्या. त्यांना शाल-श्रीफळ दिलं. मग त्यांच्या जागी जी यंत्रणा बसवायची होती तिचं कोटेशन आलं, आणि अध्यक्ष साहेबांनी "बाईंना अजून दोन वर्षं थांबवता येईल का?" असं विचारलं.

बाई थांबल्या नाहीत. त्यांचं काम आता नेटवर्कने करायचं होतं. नेटवर्क तसं भोळं असतं. त्याला माणूस कळत नाही, पत्ता कळतो.

आयपी पत्ता म्हणजे ठिपक्यांनी जोडलेले चार आकडे, प्रत्येक ० ते २५५ मधला. १९८१ साली ही पद्धत कागदावर पक्की झाली तेव्हा साऱ्या जगाला मिळून ४२९ कोटी पत्ते निघाले आणि ते सात पिढ्यांना पुरतील असं वाटलं. ३ फेब्रुवारी २०११ ला मध्यवर्ती कोठारातले शेवटचे गठ्ठे वाटून झाले. पण ही टंचाई बाहेरच्या जगातली. संस्थेच्या चार भिंतींत वापरायला तीन मोकळे पट्टे राखून ठेवलेले आहेत. त्यातला १० ने सुरू होणारा एकच घेतला तरी एक कोटी सदुसष्ट लाखांच्या वर पत्ते हाताशी येतात. फुकट. अर्ज नाही, भाडं नाही, स्टॅम्प ड्यूटी नाही.

आता आपल्या माणसाच्या हाती एक कोटी सदुसष्ट लाख पत्ते फुकट द्या. तो काय करेल? वाटणी करेल.

सबनेट म्हणजे वाटणीच, आणि सबनेट मास्क हा तिचा बांध. गावाकडचा बांध रात्रीतून वीतभर सरकतो आणि त्यापायी तीन पिढ्या कोर्टात जातात. इथला बांध वीतभर सरकूच शकत नाही. सरकला की शेत थेट दुप्पट, नाहीतर निम्मं. स्लॅश चोवीस म्हटलं की २५६ पत्ते, एक घर मागे आलं की स्लॅश तेवीस, ५१२. आणखी एक घर, १०२४. अधलं-मधलं काही नाही. तीनशे हवे असतील तर पाचशे बारा घ्यायचे आणि उरलेल्या पडीककडे बघत बसायचं. १९९३ च्या आधी तर संस्थांना पत्ते वाटताना बांध ठरलेल्या तीनच जागी घालता यायचा. लहान तुकड्यात २५४ उपकरणं मावायची, त्याच्या वरचा तुकडा एकदम पासष्ट हजारांचा; त्यामुळे तीनशे संगणकांच्या संस्था जहागीरदार होऊन बसल्या होत्या. आणि या सगळ्याचा सातबारा म्हणजे एक एक्सेलची फाइल, जिच्यातली शेवटची नोंद नोकरी सोडून गेलेल्या माणसाने केलेली असते.

प्रत्येक वाटणीत दोन पत्ते कुणालाच द्यायचे नसतात. पहिला, कारण ते त्या अख्ख्या तुकड्याचं नाव. आणि शेवटचा, कारण तो सगळ्यांना एकदम हाक मारण्याचा. म्हणून २५६ तले वापरायला २५४. त्यातलाही .१ हा रिवाजाने गेटवेला जातो. सबनेटातून बाहेर पडणारं प्रत्येक बोलणं त्याच्यातून जातं. हे मी मीटिंगमध्ये सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी अध्यक्ष साहेबांच्या पीएचा फोन आला.

"साहेबांच्या फोनला एक नंबरचा पत्ता द्या."

"एकवर गेटवे आहे."

"कोण आहे?"

"गेटवे. सगळे त्याच्यातून आत-बाहेर करतात."

"म्हणजे वॉचमनच ना? त्याला दुसरा द्या."

हा पत्ता कुणाला दिसत नाही, फोनच्या मेनूत खूप आत शिरल्याशिवाय खुद्द साहेबांनाही दिसणार नाही, दिवसा-दोन दिवसांनी तो बदलूही शकतो, असं मी समजावलं. "बदलतो?" हा शब्द पीएला फारच लागला. शेवटी साहेबांना एक्स्टेन्शन १००१ दिलं आणि तो आकडा त्यांच्या व्हिजिटिंग कार्डावर छापून आल्यावर .१ चा विषय संपला. त्या आठवड्यात १००२ वरून दोन विभागप्रमुखांमध्ये जो पत्रव्यवहार झाला तो रुग्णालयाच्या दप्तरी आहे.

नेटवर्कवाले या सगळ्याला हसतात. ते तर्काने चालणारे लोक. पण त्यांनाही एकदा विचारून बघा. १०.२०.८.० पासून १०.२०.९.२५५ पर्यंत एकच सबनेट असेल, तर मध्ये येणारे ८.२५५ आणि ९.० हे दोन पत्ते पूर्णपणे वैध असतात. ते सुरुवातीला नाहीत, शेवटी नाहीत, फक्त तसे दिसतात. तरीही भल्या भल्या इंजिनिअरांचा हात ते द्यायला धजत नाही. "चालतात हो, पण कशाला?" म्हणून ते हळूच वगळले जातात. लिफ्टमध्ये तेरावा मजला नसलेल्या इमारतीला नावं ठेवण्याचा अधिकार या जमातीला नाही.

फोन किती लागतील, हे मोजणं सोपं वाटलं होतं. मेट्रन मॅडमनी खाटांच्या हिशेबाने नाही, माणसांच्या हिशेबाने मागणी लावली.

"अहो मॅडम, पाळी संपली की फोन रॅकवर चार्जिंगला लागणार. पुढच्या पाळीच्या सिस्टर तोच उचलणार. तिप्पट कशाला?"

"दुसरीच्या कानाला लागलेला फोन माझ्या मुली लावणार नाहीत."

एरवी एका पुडीतली चकली आठ जणींत वाटून खाणाऱ्या त्याच मुली. पण मॅडमनी "इन्फेक्शन कंट्रोल" हे दोन शब्द उच्चारले आणि ते मिनिट्समध्ये गेले. रुग्णालयात या दोन शब्दांना उत्तर नाही. मग फोनबरोबर पुसायच्या कापडाचंही टेंडर निघालं.

सिक्युरिटीला गेट दोन आणि फोन सहा हवे होते. फिजिओथेरपीवाल्यांनी "बाकीच्यांना मिळतील तेवढे" अशी नोंद केली. स्टोअरचे काका एकटे असे निघाले की ज्यांना फोन नको होता. "फोन आला की लोक माल मागतात," ते म्हणाले. एवढं स्वच्छ प्रयोजन मागणीच्या फॉर्मवर दुसऱ्या कुणीच लिहिलं नव्हतं. सगळी बेरीज दोनशेच्या आसपास थांबली. २५४ मध्ये ती मावत होती, पण मावण्यापुरतीच. पुढच्या वर्षी नवीन विंग. म्हणून स्लॅश तेवीस.

पण हे सगळे फोन एकाच सबनेटात घालायचे, हे ठरायला वेळ लागला. व्हेंडरकडून आलेल्या इंजिनिअर मुलाने फार देखणा तक्ता आणला होता. प्रत्येक मजल्याला वेगळं सबनेट, प्रत्येकाला वेगळा रंग. तळमजला पिवळा, पहिला हिरवा, असं करत वर गच्चीपर्यंत. मजला बघितला की पत्त्यातला तिसरा आकडा कळणार. अकाउंट्सपासून अ‍ॅडमिनपर्यंत सगळ्यांना तो समजला, आणि नेटवर्कचा जो आराखडा सगळ्यांना एकदम समजतो त्याची मला भीतीच वाटते.

तारेने जोडलेल्या फोनसाठी तो आराखडा उत्तम होता. टेबल जिना चढत नाही. सिस्टर चढतात.

तिसऱ्या मजल्यावरून सिस्टरनी डॉक्टरांना फोन लावला. सवयीप्रमाणे चालू लागल्या. बोलत बोलत जिना चढल्या. वाटेत वाय-फाय पसरवणाऱ्या, तिसऱ्या मजल्याच्या अ‍ॅक्सेस पॉइंटने फोनचा हात सोडला आणि चौथ्याच्याने धरला. इथपर्यंत ठीक. पण मजला बदलला म्हणून सबनेट बदललं, आणि फोनच्या खिशात अजून तिसऱ्या मजल्याचा पत्ता. तो इथे चालत नाही. नवा मागावा, तर डॉक्टरांचा आवाज जुन्या पत्त्यावरच येतोय. तो तिसऱ्या मजल्यावर सिस्टरना शोधतोय, आणि सिस्टर चौथ्याच्या पायरीवर उभ्या राहून "हॅलो... हॅलो..." करतायत. डॉक्टरांनी औषधाचं नाव सांगितलेलं असतं. मात्रा सांगायची राहिलेली असते. मग सिस्टर परत खाली येतात, कारण "मघाशी इथे चालू होतं."

यावर उपाय दोन. एक म्हणजे सगळ्या इमारतीतल्या बोलणाऱ्या फोनांना मिळून एकच सबनेट द्यायचं. कुठेही जा, पत्ता तोच. दुसरा म्हणजे कंट्रोलर. फोन चौथ्या मजल्यावर गेला तरी कंट्रोलर त्याचं सगळं बोलणं आतल्या आत बोगद्यातून नेऊन तिसऱ्याच्या सबनेटात सोडतो, आणि फोनला शेवटपर्यंत वाटत राहतं की आपण हललोच नाही. एवढ्या महागड्या यंत्राचं एक मुख्य काम हे, की फोनला खरी परिस्थिती कळू द्यायची नाही. वॉर्डातले नातेवाईक हेच काम रुग्णाच्या बाबतीत फुकट करतात.

मी पहिल्या उपायाच्या बाजूने बोललो. तेव्हा अकाउंट्सचे साहेब म्हणाले, "मग सगळ्यांचंच एक करा ना. फोन, कॉम्प्युटर, पेशंटच्या नातेवाइकांचे मोबाइल, सीसीटीव्ही. एकच मोठं. भानगड नको." एक कोटी सदुसष्ट लाख फुकट आहेत, हे मीच त्यांना सांगितलं होतं.

पत्ते फुकट असतात. हवा फुकट नसते, आणि अडचण नेमकी तिथे आहे. एका सबनेटात कुणाला कुणाशी बोलायचं असलं की तो आधी सगळ्यांना विचारतो, "१०.२०.८.५७ कोण आहे? सांगा." ही हाक प्रत्येकाला ऐकावी लागते. तारेवर ती कुणाच्या लक्षातही येत नाही. वाय-फायवर मात्र ती सगळ्यात लांबच्या, सगळ्यात बहिऱ्या उपकरणालाही ऐकू जावी म्हणून अगदी सावकाश, खालच्या वेगाने दिली जाते, आणि ती चालू असेपर्यंत त्या चॅनेलवर बाकीच्यांनी गप्प बसायचं असतं. वाय-फायमध्ये एका वेळी एकानेच बोलायचं असा नियम आहे. आमच्या मीटिंगमध्ये तो नाही, पण तिथे प्रत्यक्षात अध्यक्षच बोलत असल्यामुळे परिणाम सारखाच.

शिवाय हे फोन बॅटरी वाचवायला झोपतात. डुलकी काढायची, ठराविक वेळाने एक डोळा उघडून "माझ्यासाठी काही आहे का?" बघायचं, परत झोपायचं. नातेवाइकांचे हजारभर मोबाइल त्याच सबनेटात सोडले की दर क्षणाला कुणी ना कुणी कुणाला तरी हाक मारणार. चांगले कंट्रोलर यातल्या बऱ्याच हाका परस्पर दारातच निकालात काढतात, पण सगळ्या नाही. सकाळी आठला भरलेला फोन दुपारच्या चहाला मान टाकणार. रात्रपाळी करून शेजारी सतत पुकारा चालू असताना झोपायचा प्रयत्न ज्या सिस्टरनी केला आहे त्यांना हा मुद्दा लगेच पटला. अकाउंट्सच्या साहेबांना नाही पटला. त्यांना झोपेची अडचण नाही.

नातेवाइकांना आम्ही वेगळं काढलं, आणि तिथे वेगळीच मजा. डीएचसीपी नावाचा सर्व्हर येणाऱ्याला पत्ता देतो, तो भाडेपट्ट्याने. विंडोजच्या सर्व्हरवर ही मुदत मुळात आठ दिवसांची असते. कुणी ती बदलली नव्हती. ओपीडीत पंधरा मिनिटं डोकावून गेलेला माणूस आठ दिवस पत्ता अडवून बसायचा. एका रुग्णाबरोबर सहा माणसं, त्यातल्या दोघांकडे दोन-दोन फोन. पहिल्या सोमवारी सकाळी सगळे खूश होते, मंगळवारपासून कुरकूर. पत्ता न मिळालेले लॅपटॉप मग स्वतःच स्वतःला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता बहाल करतात. असं उपकरण जोडलेलं दिसतं, समाधानी दिसतं, पण बाहेर कुणाशीही बोलू शकत नाही. आमच्याकडे काही ज्येष्ठ सल्लागार असे आहेत. पाहुण्यांची मुदत दोन तासांवर आणली आणि प्रश्न मिटला. आतल्या फोनना मात्र लांब मुदत ठेवली, कारण ते कुठे जाणार नाहीत. निदान जाऊ नयेत अशी अपेक्षा आहे, आणि त्यासाठी गेटवर सिक्युरिटीचे सहा फोन आहेत.

सबनेट वेगळी केली की त्यांच्यामध्ये फायरवॉल येते, आणि फायरवॉल आली की एक विचित्र आजार येतो. फोनची घंटी आणि फोनवरचा आवाज या दोन गोष्टी नेटवर्कमधून वेगवेगळ्या वाटांनी जातात. घंटीची बोलणी सर्व्हरमार्फत होतात. आवाज मात्र एका फोनकडून दुसऱ्या फोनकडे बहुधा थेट जातो. फायरवॉल लावणाऱ्याने पहिली वाट उघडली आणि दुसरी विसरला, की फोन छान वाजतो, उचललाही जातो, आणि पुढे शांतता. कधी एकाच बाजूची वाट बंद असते. फार्मसीच्या टेबलावरच्या फोनवरून वॉर्डात सगळं ऐकू येत होतं, वॉर्डातलं फार्मसीत नाही. दोन दिवस फार्मसीवाल्यांनी याची तक्रार केली नाही.

आवाजाचा हिशेबही मौजेचा आहे. नेहमीच्या पद्धतीत बोलणं वीस-वीस मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापलं जातं, म्हणजे सेकंदाला पन्नास पाकिटं. प्रत्येकात १६० बाइट आवाज आणि वरून निदान ४० बाइट पत्ते आणि शिक्के. सरकारी टपालाच्या मानाने प्रमाण वाईट नाही. पण तुम्ही गप्प असलात तरी पाकिटं जातच राहतात. खास सोय केली नसेल तर शांततेचीही पन्नास, "हं"चीही पन्नास. आपल्याकडची निम्मी संभाषणं "हं... हं... बरं... हं" अशी असतात, आणि उरलेल्या निम्म्यात "आणि काय मग?" नंतरची शांतता असते. ती शांतता सेकंदाला ६४ हजार बिटांनी, अत्यंत काटेकोरपणे, पोचवली जाते.

ही पाकिटं वेळेवर जावीत एवढीच अट. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणे एका बाजूचा उशीर दीडशे मिलिसेकंदांच्या आत असावा. त्यापुढे गेलं की दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात, मग "तुम्ही बोला", "नाही नाही, तुम्ही बोला" हेही एकदम. आम्ही मुळात समोरच्याचं वाक्य संपायच्या आधी बोलायला सुरुवात करणारे लोक. आमच्यासाठी ही मर्यादा शंभरवर आणायला हवी.

म्हणून आवाजाच्या पाकिटांवर ४६ हा आकडा मारतात. ४६ म्हणजे 'याला आधी जाऊ द्या'. ही खूण पुढच्या प्रत्येक टप्प्यावर मानली गेली तर आवाज रांग तोडून पुढे जातो. बातमी फुटली. बिलिंगने ४६ मागितला. एचआरने मागितला. एक्स-रेच्या मोठाल्या फायली पाठवणाऱ्या रेडिओलॉजीने "आमचं काम जीवन-मरणाचं" म्हणून मागितला, आणि ते खोटंही नव्हतं. अध्यक्षांच्या पीएने ४६ म्हणजे नक्की काय, हे न विचारता मागितला. ज्या इमारतीत प्रत्येक फाइलवर 'अतितातडीचे' असा शिक्का असतो आणि म्हणून कुठलीच फाइल हलत नाही, तिथे ४६ आणखी कुणालाही न देणं हे माझ्या कारकिर्दीतलं सर्वांत मोठं प्रशासकीय कार्य आहे.

मग सर्व्हे. हातात यंत्र घेऊन कॉरिडॉरमधून चालायचं आणि सिग्नल लिहून घ्यायचा. आवाजासाठी तो उणे ६७ किंवा त्याहून चांगला असावा लागतो, आणि यात शून्याच्या जवळ म्हणजे चांगलं. तो तक्ता अकाउंट्सकडे गेल्यावर तिथून शेरा आला: "सर्वच मजल्यांवर तोटा दिसतो. खुलासा करावा." पँट्रीतला मायक्रोवेव्ह ज्या पट्ट्यात पोहे गरम करतो त्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जुनं वाय-फाय चालतं, त्यामुळे दुपारी एक ते दोन तिथला आवाज फाटायचा. तिथे एकमेकांच्या पायात न येणारे चॅनेलही तीनच: १, ६ आणि ११. फोन ५ गिगाहर्ट्झवर नेले. भारतात २०१८ साली त्या पट्ट्याचा मोठा भाग परवान्यातून मोकळा झाला, ते अशा वेळी कामाला येतं. काही फोन तरीही जुन्या अ‍ॅक्सेस पॉइंटला चिकटून राहतात; डोक्यावर नवा दणदणीत असताना ते मागच्या कॉरिडॉरमधल्या क्षीण झालेल्याचंच ऐकत बसतात. त्यांना सोडवण्यासाठी मानकांमध्ये वेगळ्या तरतुदी आहेत. माणसांसाठी फक्त समुपदेशन आहे.

आता फोन चालतात. गच्चीपासून तळघरापर्यंत, जिन्यात, लाँड्रीत, लिफ्टमध्येसुद्धा. सिस्टर तिसऱ्यावरून सातव्यावर गेल्या तरी पत्ता तोच आणि कॉल चालू. आणि मग त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. पूर्वी ऑपरेटर बाई "सिस्टर जेवायला गेल्यात, पंधरा मिनिटांनी करा" असं सांगायच्या. आता घास तोंडात असताना खिशात वाजतं. यंत्रणेला माणूस कुठे आहे ते बाईंपेक्षा अचूक कळतं, पण त्याला आत्ता फोन करू नये हे कळत नाही, आणि त्याचं कोटेशन कुणी दिलेलं नाही.

इमारतीत एकच जागा राहिली आहे. एक्स-रे विभागामागची छोटी खोली. भिंतींना शिशाचं अस्तर, त्यामुळे आत सिग्नल शून्य. पूर्वी तिथे एक्स-रेच्या जुन्या कॅसेट ठेवायचे. आता एक बाक आणि थर्मास आहे. मेट्रन मॅडमनी लेखी कळवलं की तिथे तातडीने अ‍ॅक्सेस पॉइंट बसवावा, कारण दुपारी पाऊण ते सव्वा या वेळात निम्मे फोन 'संपर्क क्षेत्राबाहेर' असतात. त्याच दिवशी दोन सिस्टर माझ्या टेबलाशी आल्या. त्यांनी लेखी काही दिलं नाही. डब्यातली साबुदाण्याची खिचडी दिली.

"दादा, त्या भिंतीला ड्रिल मारायला नाही ना चालत?"

रेडिएशन सेफ्टीचा प्रश्न आहे, असं मी मॅडमना कळवलं आहे. शिशाच्या अस्तराला भोक पाडायचं तर रेडिओलॉजीची परवानगी लागते. रेडिओलॉजीवाले म्हणतात, आधी ४६ द्या.